पासष्ट हजार पाचशे पस्तीस दारं

माझ्या क्वार्टरला दोन दारं आहेत. पुढचं आणि मागचं. मागचं फुगलंय, ते लावायला खांदा लागतो आणि उघडायला दोन माणसं. त्यामुळे घराच्या सुरक्षेचा विचार मी आयुष्यात फारसा केला नव्हता. पण माझ्या कॉम्प्युटरला पासष्ट हजार पाचशे पस्तीस दारं आहेत, ही गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, विद्यापीठाच्या तळघरात, उभ्याउभ्या सांगण्यात आली.

"सगळी उघडी आहेत?" मी विचारलं.

"सगळी नाही," तळघरातला माणूस म्हणाला. "काही."

"कुठली?"

"तेच बघायचंय."

हा संगणक केंद्राचा व्यवस्थापक. यंत्रांना गारवा लागतो म्हणून भर उन्हाळ्यातही तो स्वेटर घालून बसतो, त्यामुळे सगळं विद्यापीठ त्याला स्वेटरच म्हणतं. बोलतो अगदी हळू, मागच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलं असावं तसा. मागच्या खोलीत माणूस कुणी नसतं. नुसते हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि एक घरघर चालू असते. ती ऐकत पाच मिनिटं उभं राहिलं की आपण काय विचारायला आलो होतो तेच आठवेनासं होतं.

"साहेब, काल तुमच्या दारांवर चारशे बारा वेळा टकटक झाली," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "दुपारी दोन ते चार."

"कुणी केली?"

"कुणीतरी. सगळ्यांच्याच दारांवर होते. आत कुणी आहे का बघतात आणि जातात." मग जरा थांबून म्हणाला, "बहुतेक जातात."

घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. एक डोळा मिटलेला तसाच ठेवून तिने विचारलं, "तुम्ही उघडलं नाहीत ना?"

हे सगळं सुरू झालं एका परिपत्रकाने. क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या ज्या कर्मचाऱ्यांचे खासगी कॉम्प्युटर विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडलेले आहेत, त्यांनी पंधरा दिवसांत ते नोंदवून सुरक्षित करून घ्यावेत. न केल्यास जोडणी तोडून नाव सूचना फलकावर लावण्यात येईल. जोडणीचं मला काही नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी शेजारीपाजारी सगळ्यांनी घेतली म्हणून आम्हीही घेतली, एवढंच. फलकाचं मात्र होतं. मी आस्थापना विभागात वरिष्ठ सहायक आहे. त्या फलकावर दुसऱ्यांची नावं लावण्याचं काम वीस वर्षं मीच करतोय.

शिवाय त्या कॉम्प्युटरमध्ये एक फाइल होती.

तिची हकिगत अशी. आमच्या विभागात त्रेसष्ट कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं माझ्या ताब्यात असतात. दरवर्षी प्रत्येकाच्या पुस्तकात वागणुकीचा शेरा पडतो आणि तो शेरा दरवर्षी एकच असतो: 'समाधानकारक'. त्रेसष्ट माणसं, वीस वर्षं, आणि एकही जण असमाधानकारक नाही! स्वर्गातसुद्धा इतकी चांगली वस्ती नसेल. माझ्यासारख्या नोंद ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला हे सहन कसं व्हावं? म्हणून मी घरी, माझ्या खासगी कॉम्प्युटरवर, दुसरी सेवापुस्तकं लिहायला घेतली. खरी. ज्येष्ठता यादी समोर ठेवून एकेकाला एकेक पान दिलं. उदाहरणार्थ:

'क्रमांक ९, भूशास्त्र. हसताना फक्त तोंड वापरतो. डोळे कामावर हजर नसतात.'

'क्रमांक २२, ग्रंथपालबाई. नमस्कारासाठी मान अर्धीच लववते. उरलेली अर्धी कुलगुरूंसाठी राखीव.'

'क्रमांक ४१, भौतिक, आमच्या खालचा मजला. शिडी नेली त्याला सहा वर्षं झाली. शिडीचा विषय निघाला की हवामानाबद्दल बोलतो.'

यात दुष्टपणा काही नव्हता. होतं ते नुसतं निरीक्षण. पण ही फाइल बाहेर गेली असती तर निवृत्तीपर्यंतची उरलेली पाच वर्षं मला या सगळ्यांच्या मध्ये, त्यांच्याच जिन्याने वर चढून आणि त्यांच्याच नळाचं पाणी पिऊन काढावी लागली असती. ते मला जमलं नसतं. पासष्ट हजार दारं मला बंद करायची होती ती एवढ्या एका फाइलसाठी.

सल्ले मागायला जावं लागलं नाही. ते जिन्यातच उभे होते.

"आधी डोळा झाका," खालचे भौतिक म्हणाले. "कॉम्प्युटरच्या कपाळावर डोळा असतो. दिवा लागला नाही म्हणजे तो मिटलेला आहे, असं समजू नका."

मी त्या डोळ्यावर जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी लावली. त्यामुळे एवढंच झालं की कॉम्प्युटर जखमी दिसायला लागला आणि त्याच्या समोर बसल्यावर आपणच त्याला काहीतरी केलंय असं वाटायला लागलं.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पासवर्ड दर पंधरा दिवसांनी बदला. लांबलचक ठेवा. कुणाला सांगू नका, लिहून ठेवू नका."

मी तसंच केलं. लांबलचक पासवर्ड लक्षात राहावा म्हणून टाकताना एकेक अक्षर नीट उच्चारून टाकायचो, त्यामुळे एकदाही चुकला नाही. ही शिस्त.

मेव्हण्याने फोनवरून पहारेकरी बसवायला सांगितला. "पहारेकरी म्हणजे प्रोग्रॅम हो, भाऊजी. आणि एक नको, दोन बसवा. एक झोपला तर दुसरा जागा." मी दोन बसवले. दोघंही झोपले नाहीत. पहिल्याने दुसऱ्याला चोर म्हणून धरलं, दुसऱ्याने पहिल्याला. दोन तास आतून पंख्याचा आवाज वाढत गेला आणि मेजाचा तो कोपरा हात लावून बघवेना इतका तापला. शेवटी दोघांचा समेट झाला आणि दोघांनी मिळून माझ्या मराठी अक्षरांना अटक केली. चार दिवस त्या फाइलमध्ये अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते. त्रेसष्ट पानं, ओळीने रिकामे चौकोन, खिडक्या लावून घेतलेल्या इमारतीसारखे. मी ते बघत बसलो की बायको मागून म्हणायची, "आता तर कुणालाच वाचता येणार नाही. मग झालं की सुरक्षित."

पाचव्या दिवशी स्वेटरने अक्षरं सोडवून दिली आणि वर एक सल्ला दिला.

"साहेब, घरची दारं मी शक्य तेवढी लावलीत. पण महत्त्वाचं काही असेल ते विद्यापीठाच्या सुरक्षित साठ्यात ठेवा. म्हणजे तुमची घरची फाइल आणि साठ्यातली फाइल एकच राहील. इकडे बदल केला की तिकडे होतो, तिकडे केला की इकडे. महत्त्वाचं आहे ना काही?"

"छे! असंच आपलं."

"सगळे असंच म्हणतात," तो पडद्याला म्हणाला.

साठ्यात फाइल ठेवताना तीन कप्पे समोर आले: 'खासगी', 'विभागीय' आणि 'टिप्पणीसाठी'. इथे मी जो विचार केला तो, माझं आजही मत आहे, शहाण्या माणसाचाच होता. 'खासगी' लिहिलेलं कुणीही आधी उघडणार. 'विभागीय' उघडायचा हक्क साहेबांना. राहिलं 'टिप्पणीसाठी'. वीस वर्षांत मी शेकडो फाइली टिप्पणीसाठी पाठवल्या आणि त्यांतली एकही, कुणी, कधीही उघडून वाचलेली नाही. टेबलावर आली की ती उशाला घेतात, तिच्यावर चहाचा पेला ठेवतात, पण उघडत नाहीत. विद्यापीठात एखादी गोष्ट कायमची लपवायची असेल तर टिप्पणीसाठी पाठवण्यासारखी जागा नाही.

मी 'टिप्पणीसाठी'वर बोट ठेवलं, पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी नोंदणीचा कागद तळघरात दिला, आणि सुटलो म्हणून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर बाहेर शिडी उभी होती.

म्हणजे माणूस नव्हता. नुसती शिडी भिंतीला लावून ठेवलेली. पुसलेली, एकेक पायरी ओल्या फडक्याने पुसल्याचं दिसत होतं. मी जिन्यातून खाली वाकून पाहिलं. भौतिकांचं दार बोटभर उघडं होतं. माझ्याशी डोळे भिडताच ते आवाज न करता लागलं.

"आली परत?" बायको म्हणाली. "सहा वर्षांनी?"

"उपरती झाली असेल."

"माणसांना होते, शिडीला कशी होईल?" ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयासमोर ग्रंथपालबाईंनी मला नमस्कार केला. पूर्ण. मान खाली गेली ती गेलीच. मी मनात पाचपर्यंत मोजलं तरी वर येईना. वर आली तेव्हा त्यांनी 'पुरलं का?' असं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

त्याहून भयंकर भूशास्त्रवाले. आतापर्यंत ते नुसतं तोंडाने हसायचे. त्या दिवसापासून डोळ्यांनी हसायला लागले. तोंड घट्ट मिटलेलं, गाल हलत नाहीत, आणि वर दोन डोळे मोठे मोठे होत चाललेले. लांबच लांब वऱ्हांड्यात दुपारी साडेतीनला, कुणी नसताना, हा गृहस्थ समोरून तसा चालत आला तर माणसाने काय करावं? मी कपाटाआड झालो. ते कपाटापाशी थांबले, डोळे आणखी थोडे मोठे केले आणि निघून गेले.

मग लक्षात यायला लागलं की सगळेच बदललेत. जो रोज माझं वर्तमानपत्र आधी वाचायचा, त्याने ते घडी न मोडता माझ्या दारात ठेवलं. जी बाई फोनवर बोलताना माझ्याकडे बघून आवाज खाली आणायची, ती आता मला पाहून फोनच ठेवते. कँटीनमध्ये मी शिरलो की बोलणी थांबत, पण एकदम नाही, एक वाक्य पुरं करून थांबत, जणू ते वाक्य मला ऐकवायचंच होतं: "नाही, मी नेहमी वेळेवरच येतो." मी बसलो की आजूबाजूची चारही माणसं पाठ ताठ करून बसत. डॉक्टरकडे जावं की काय, असं वाटायला लागलं. आपण मरणार आहोत आणि हे सगळ्यांना कळलंय, आपल्यालाच कुणी सांगत नाही, असा काही प्रकार असतो म्हणतात.

रविवारी दुपारी, जेवणानंतर, शिडी परत आल्याची नोंद करावी म्हणून मी फाइल उघडली. क्रमांक ४१च्या पानावर गेलो. माझ्या ओळीखाली एक ओळ आधीच होती:

'शिडी दि. १४ रोजी परत केली आहे. पोच मिळालेली नाही.'

मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. पुढे क्रमांक ९: 'डोळ्यांबाबत सुधारणा चालू आहे.' क्रमांक २२: 'मानेचं दुखणं आहे. अर्धी हे वैद्यकीय कारणाने. तरी प्रयत्न करत आहे.' एकेक पान उलटत गेलो. जिथे तिथे माझ्या नोंदीखाली उत्तर. अक्षर ओळखावं म्हटलं तर अक्षर कुठलं, सगळं छापील! भाषा पाहिली तर माझीच. माझा सूर, माझ्यासारखी तुटक वाक्यं.

मग क्रमांक सदतीस आला. यादीत सदतिसावा मी. पानं काढताना ओघात माझंही काढलं गेलं होतं आणि ते कोरंच ठेवलं होतं. स्वतःचं पान कशाला कोण उघडतो? मी ते पहिल्यांदाच उघडत होतो. ते भरलेलं होतं. चार पानं.

'दम लागला म्हणून जिन्यात थांबतो असं दाखवतो. थांबतो ते वर कोण काय बोलतंय ते ऐकायला.'

'शिडी मागायची हिंमत नाही. सहा वर्षं नुसती नोंद.'

'एकटा असला की फार छान हसतो.'

'दुसऱ्याची चूक सापडली की चष्मा पुसतो. आज तीनदा पुसला.'

'घरी आल्यावर आधी कॉम्प्युटरला हात लावून बघतो, तापलाय का. घरात माणूस तापाने पडलेलं होतं, ते चौथ्या दिवशी विचारलं.'

ही ओळ पानाच्या सुरुवातीलाच होती, ती मी दोनदा वाचली. बाहेर ऊन होतं, कुणीतरी सायकल पुसत होतं. माझ्या खोलीत मात्र तळघरातली घरघर ऐकू यायला लागली. आणि मी बघत असतानाच, मी हात न लावता, पानाच्या शेवटी एकेक अक्षर उमटायला लागलं. थांबत थांबत, एका बोटाने लिहावं तसं.

'क्रमांक ३७ स्वतः वाचत आहेत. नमस्कार.'

मी भिंतीतली पिन उपटली.

सोमवारी तळघर उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. स्वेटरने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग पडदा माझ्याकडे वळवला.

"साहेब, तुम्ही टिप्पणीसाठी ठेवलंत."

"हो! म्हणजे कुणी वाचणार नाही म्हणून!"

"कागदाच्या फाइली वाचत नाहीत. पण हा साठा दर सकाळी प्रत्येकाला आठवण पाठवतो: 'आपली टिप्पणी प्रलंबित आहे.' लाल अक्षरात. दिवस मोजतो. टिप्पणी केल्याशिवाय लाल जात नाही." त्याने स्वेटरची बाही खाली ओढली. "आस्थापना विभागाकडून आलंय म्हटल्यावर लोकांना वाटलं, मूल्यमापनाची नवी पद्धत आहे. दोघातिघांनी मला विचारलंही, खरं लिहायचं का. मी म्हटलं, साहेबांनी खरंच लिहिलेलं दिसतंय."

"तू पण वाचलंस?"

"मी क्रमांक ५८. 'आवाज असा की माणूस आपोआप गुन्हा कबूल करतो.'" तो जरासं हसला. "चांगलं लिहिलंय."

मी खुर्ची ओढून बसलो. त्रेसष्टांपैकी बासष्ट जणांनी मला वाचलं होतं. माझ्यासमोर रोज ताठ बसून, मला नमस्कार करून, पुन्हा घरी जाऊन माझ्या पानावर शेरा मारला होता. आणि मी त्यांना निरखत असल्याच्या तोऱ्यात कँटीनमध्ये चहा पीत होतो.

"आत्ताच्या आत्ता काढून टाक ते."

"मधेच काढता येत नाही. सगळ्यांची टिप्पणी आली की फाइल आपोआप बंद होते. मग कुणालाच दिसत नाही, फक्त तुमच्या घरी राहते. एकाची बाकी आहे."

"कुणाची? मी आत्ता जातो त्याच्याकडे."

"तुमची. आठवण तुम्हालाही रोज येते, तुम्ही उघडत नाही."

मी तिथेच, थंडीने आखडलेल्या बोटांनी, सदतिसाव्या पानाखाली लिहिलं: 'वाचले.' पडद्यावरचं लाल गेलं. मागच्या खोलीतला एक हिरवा दिवा विझला आणि त्याच्या शेजारचा लागला.

"संपलं?" मी विचारलं.

"ते संपलं." स्वेटर अजून पडद्याकडेच बघत होता. "फाइल स्वतःच्या सगळ्या बदलांची नोंद ठेवते, साहेब. कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून. लोकांनी लिहिलेलं सगळं गेल्या तीन आठवड्यांतलं आहे. पण तुमच्या पानावरच्या पहिल्या काही नोंदी वर्षभर जुन्या आहेत."

"वर्षापूर्वी माझी जोडणीच नव्हती."

"तेच म्हणतोय. ह्या नेटवर्कवरून आलेल्या नाहीत. तुमच्याच कॉम्प्युटरवर बसून केलेल्या आहेत. फाइल उघडलीये मात्र रोज. कामाच्या दिवशी, सकाळी अकरा दहाला." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "लोकांनी त्या वाचून तसंच पुढे लिहिलं. दारातून कुणी आलेलं नाही, साहेब. आत आधीपासून होतं कुणीतरी."

मी त्या दिवशी रजा टाकली. वीस वर्षांत पहिल्यांदा कारणाच्या जागी काही लिहिलं नाही. घरी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बायको कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली होती. पडदा उजळलेला होता. तिने वळून पाहिलं, पण उठली नाही.

"लवकर आलात?"

"अगं, तू... पासवर्ड कुठून मिळाला तुला?"

"मिळायचा काय त्यात? टाकताना मोठ्याने म्हणता तुम्ही. एकेक अक्षर. मागच्या पंधरवड्यातला छान होता."

"ते सदतिसावं पान तू लिहिलंस?"

"सुरुवात केली. कोरं होतं. मला वाटलं, तुमचं राहून गेलं असेल." ती चष्मा काढून पदराने पुसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली आणि तो तसाच डोळ्यांवर चढवला. "नंतरचं माझं नाही. पण ग्रंथपालबाईंनी लिहिलेलं बरंच बरोबर आहे."

"आणि रोज? तो म्हणाला, रोज अकरा दहाला."

"रोज काय लिहिणार तुमच्याबद्दल? लिहायला नाही हो बसत. बघायला बसते."

"काय बघायला?"

"त्रेसष्ट पानं झालीत," ती म्हणाली. "म्हटलं, एखाद दिवशी चौसष्टावं काढाल."

ती उठली, खुर्ची माझ्याकडे वळवून ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. मी बसलो. खुर्ची गरम होती. नवं पान घेतलं आणि वर लिहिलं: 'क्रमांक ६४.' दुसऱ्याची अर्धी मान मोजणारा मी, कुणाचे डोळे कामावर हजर नाहीत ते लांबून ओळखणारा मी, त्या पानासमोर पंधरा मिनिटं बसलो. काहीच आठवेना. ती हसताना काय वापरते? जिन्यात थांबते का? कशाला थांबते? अठ्ठावीस वर्षं एका घरात राहिलो आणि एक ओळ लिहिण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता.

आतला भांड्यांचा आवाज केव्हातरी थांबला होता. मागे कुणी उभं आहे की नाही, हे वळून बघायचा धीर झाला नाही.

'ताप आला होता,' मी लिहिलं. 'तारीख माहीत नाही.'

खांद्यामागून, अगदी हळू, तारीख आली. वारासकट.